बेबीनंदाचे पाच बोल्ट

गोदावरीला पाणी चढलं की शहागडजवळच्या आमच्या वस्तीचा रस्ता बुडतो. गेल्या वर्षी दिवस भरलेल्या संध्याला आम्ही गुळाच्या कढईत बसवून पलीकडं नेलं. मधल्या धारेत कढई गरगर फिरत होती आणि चौघं जण पोहत तिला धरून होते. पूरबचावाची होडी तेव्हा काठाला बांधलेलीच होती, कारण तिचं इंजिन बंद होतं. संध्या सुखरूप बाळंत झाली म्हणून लोक हा किस्सा हसून सांगतात. मला अजून चीड येते.

संध्याची सासू बेबीनंदा. हायवेच्या कडेला तिचं पंप आणि डिझेल इंजिन दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांच्या हाताखाली शिकली, आता पंचावन्नची आहे आणि जिभेला धार आहे. मी वस्तीवरचा मास्तर. पाना कुठून धरायचा हेसुद्धा मला तीच सांगते.

यंदा ऑगस्टात, एका मंगळवारी, होडीचं इंजिन घेऊन तहसील कचेरीतले सोमेश्वर नावाचे कारकून दुकानात आले. ‘इंजिन निकामी आहे’ अशा छापील कागदावर त्यांना मिस्त्रीची सही हवी होती. सही झाली की सोमवारी इंजिन भंगारात. नवीन कधी येणार, असं मी विचारलं, तर म्हणाले, “मागणी पाठवू.”

“खोललं न्हाई, बघितलं न्हाई, अन् मेलं म्हणून सही करू?” बेबीताई म्हणाली. “सोमवारपस्तोर राहू द्या इथं.”

दुखणं तिला लगेच कळलं. इंजिन थंड ठेवायला नदीचं पाणी ओढणारी रबरी चक्री गाळानं जाम झाली होती. चक्रीपर्यंत पोचायचं तर इंजिनाच्या पाण्यात बुडणाऱ्या खालच्या पायाचे पाच बोल्ट काढायला हवेत. लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये असे गंजून बसले होते की हलायचं नाव नाही.

आमच्याकडं अडलेल्या बोल्टावर एकच इलाज. पान्याला लांब पाइप जोडायचा आणि दोन गड्यांनी लोंबकळायचं. विहिरीवरच्या इंजिनाला ते चालतं. बेबीताई जेवायला गेली तेव्हा दुकानात बसलेल्या भागवत नावाच्या शेतकऱ्यानं हौसेनं तेच केलं. बोल्टाचं डोकं कट्कन तुटून त्याच्या हातात आलं. पाइपची सूचना माझी होती, हे मी त्या वेळी बोललो नाही.

ती आली, बघितलं आणि आम्हा दोघांना दुकानाबाहेर काढलं. “बैल हायेत का तुम्ही? हे विहिरीवरचं बिडाचं इंजिन न्हाई! ताकद लावली की तुटतंय. याला दम द्या.”

दम तिनं दिला. तीन दिवस बोल्टांच्या मुळाशी डिझेल सोडलं आणि डोक्यावर हलक्या हातानं टकटक ठोकलं. शुक्रवारी गॅसची ज्योत बोल्टावर न धरता भोवतीच्या ॲल्युमिनियमवर फिरवली, तापलेल्या फटीला मेणबत्ती टेकवली. मेण आत शोषलं गेलं. मग पाना लावून तिनं आधी बोल्ट आवळला, केसभर. नंतर उलटा. पुन्हा आवळला, पुन्हा उलटा. करकर आवाज झाला आणि पहिला सुटला. संध्याकाळपर्यंत चार निघाले. तुटलेल्याच्या बुडख्यावर नट वेल्डिंग करून शनिवारी तोही काढला. मला इतका आनंद झाला की मी पाइपचं कबूल करून टाकलं.

“ठाऊक होतं,” ती म्हणाली.

नवी चक्री संभाजीनगरहून एसटीनं आली. रविवारी पिंपातल्या पाण्यात इंजिन सुरू झालं. त्याच दिवशी वरच्या धरणातून पाणी सोडलं आणि सोमवारी सकाळी वस्तीचा रस्ता बुडाला. बेबीताईनं इंजिन होडीला चढवलं. तेवढ्यात सोमेश्वर टेम्पो घेऊन घाटावर हजर.

“बाई, भंगाराची यादी वर गेली आहे. यादीत हे इंजिन निकामी आहे. ते द्यावंच लागेल.”

“मंग यादीत बसवून आणा वस्तीवरची माणसं,” असं म्हणून तिनं दोरी ओढली. इंजिन गरजलं आणि होडी धारेला छेद देत सरळ निघाली. सोमेश्वर कागद हातात धरून बघत राहिले. मला हसूही येत होतं आणि डोळेही भरत होते.

अर्ध्या तासानं होडी परतली. तीत तापानं फणफणलेली वस्तीवरची चांगुणाबाई आणि तिच्याबरोबर सहा जण होते. इंजिन चालूच होतं. होडी काठाला लागताच बेबीताईनं दोर सोमेश्वरांच्या अंगावर फेकला.

“धरा साहेब, कागद ठिवा खिशात. अजून चाळीस माणसं हायेत पलीकडं.”

सोमेश्वरांनी दोर धरला.