ओढून काही वाढत नाही

वस्तादांकडे एखादा नवा गृहस्थ येऊन मान खाली घालून, आवाज उतरवून बोलू लागला, की वस्ताद त्याचे सगळे ऐकून घेत. मग स्वतःच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून म्हणत, "हे वडायचं. रोज सकाळी, म्हैनाभर. लांब झालं तर माज्याकडं या. मग तुमच्या दुसऱ्या कामाचं बघू."

वस्ताद अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीचे. घरची भाषा कानडी, बाजारची मराठी. सोलापुरात त्यांची लहानशी तालीम होती. तिथे ते कुस्ती शिकवत आणि निखळलेली हाडे बसवत. ज्याला हाड बसवता येते त्याला पुरुषाच्या अंगातले आणखीही काही वाढवता येत असणार, अशी शहराची समजूत होती. एकोणीसशे तीसच्या आगेमागे आमच्या शहराला दोनच चिंता होत्या. एक पाण्याची, आणि दुसरी तुम्ही ओळखलीच असेल.

येणारा प्रत्येक जण मित्रासाठी विचारायला येई. एक नामांकित वकील पडदा सोडलेल्या टांग्यातून येत आणि मित्राची हकीकत इतकी बारकाईने सांगत की कोर्टातही सांगत नसतील. वस्ताद म्हणत, "मित्राला बी कान हायत की."

मी आज हसतो, पण त्या मित्रांत मीही होतो. तेव्हा एका छापखान्यात प्रुफे तपासत असे, म्हणून वस्ताद मला मास्तर म्हणत. वय चोवीस, लग्न ठरलेले. मी खरोखरच आठ दिवस कान ओढला. कान दुखतो असे समजून आईने त्यात कोमट तेल घातले, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. वस्तादांकडे परत गेलो, तर त्यांनी शेजारी बसवले.

"बैठका मारा, जोर काडा. सा म्हैन्यांत दम वाडंल, भूक लागंल, पाट सरळ हुईल. झोप चांगली लागंल. अंगात उमेद असली की तिचा उपेग सगळीकडंच हुतो. पण माप म्हणाल, तर जल्माला आलं तेवडंच. नाक कुणी वाडवलंय का, मास्तर?"

"मग लोक म्हणतात ते?"

"लोक काय म्हणतात ते बायकूला इचारा. ती म्हणंल, येळेवर घरी या आन् नीट बोला."

इतके सरळ उत्तर ऐकायला कोण येणार? लोक नाराज होऊन परत जात.

अशात शहरात एक प्रोफेसर आले. कोणत्या कॉलेजचे, ते कोणी विचारले नाही. कोट होता, चष्मा होता, तेवढे पुरे होते. त्यांनी 'गुप्त पुरुषवर्धक व्यायाम' नावाचे पुस्तक आमच्या छापखान्यात टाकले. त्यांचे मराठी लंगडे होते, म्हणून मालकांनी ते सुधारण्याचे काम मला दिले. मी मन लावून सुधारले. 'एकवीस दिवसांत दुप्पट' ही ओळ माझी. दुप्पट काय, ते मी लिहिले नाही. ते वाचणाऱ्याने आपापल्या मनाने भरून घ्यायचे होते. शेवटच्या पानावरची समाधानी गृहस्थांची पत्रेही मीच एका दुपारी बसून लिहिली. त्यांतल्या एका मामलेदाराच्या पत्राने मलाच गहिवरून आले.

पुस्तक हातोहात गेले. मग प्रोफेसरांना दुसऱ्या आवृत्तीच्या मुखपृष्ठासाठी वस्तादांची तसबीर हवीशी वाटली. ते मला घेऊन तालमीत गेले. वस्तादांना वाचता येत नव्हते, म्हणून मी चार पाने वाचून दाखवली. वस्ताद आधी हसले. मग हसायचे थांबले.

"तसबीर घ्या की," ते म्हणाले. "मांडीची घ्या. पण खाली लिवा, ह्या मांडीला तीस वर्सं लागली."

"तीस वर्षं कोण थांबतो?" प्रोफेसर म्हणाले.

"मग दुसरी मांडी बगा."

प्रोफेसरांना तो अपमान वाटला. पुढच्या हँडबिलात त्यांनी एक वाक्य घातले: 'ज्यास स्वतःस मूल नाही अशा पहिलवानाचा सल्ला ऐकावा काय?' वस्तादांना मूल नव्हते, हे सगळ्या पेठेला ठाऊक होते. त्या वाक्यातला एक चुकीचा स्वल्पविराम मी काढला. चौकात लोक ते मोठ्याने वाचून हसले. वस्तादांना कळले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "व्हय, न्हाय पोर. बायकूनं कदी बोल लावला न्हाय. ह्या कोटवाल्याला कशापायी काळजी?"

दीडेक महिना गेला असेल. पूर्वभागातल्या एका हातमागवाल्या घरातला मल्लेशम नावाचा जवान वस्तादांच्या तालमीत अधूनमधून येई. तेलुगू घरातला, पंचविशीचा, मागावर हात असा की पाहत राहावे. त्याचे लग्न पंधरा दिवसांवर होते. एका सकाळी त्याचा थोरला भाऊ धावत वस्तादांकडे आला. मल्लेशम तीन दिवस तापाने पडला होता. कोणाला जवळ येऊ देत नव्हता, आणि लग्न मोडा म्हणत होता.

वस्ताद गेले. सगळ्यांना खोलीबाहेर काढून त्यांनी दार लावले. पुस्तकात सुतळी आणि शिशाच्या तुकड्याचा एक व्यायाम होता. लग्नाआधी दुप्पट व्हावे म्हणून मल्लेशमने तो सांगितल्याच्या तिप्पट वेळ केला होता. अंग सुजून काळेनिळे झाले होते. दवाखान्यात जाण्यापेक्षा मेलेले बरे, असे तो म्हणत होता. वस्तादांनी त्याला घोंगडीत गुंडाळून उचलले, टांग्यात घातले आणि सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी आधी शिव्या दिल्या, मग उपचार केले. अजून दोन दिवस गेले असते तर कापावे लागले असते, असे ते म्हणाले.

दहा दिवस वस्ताद त्याच्या खाटेशी बसून होते. एकदा मल्लेशमने विचारले, "वस्ताद, माझ्यात आधी कमी काय होतं?"

"अक्कल," वस्ताद म्हणाले. "ती बी आता आली. मोसंबं खा."

मल्लेशम दवाखान्यातून घरी गेला, त्याच दिवशी वस्ताद छापखान्यात आले. पुस्तक माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "सुतळीचं पान वाचा."

मी वाचले.

"हे कुणी लिवलं?"

"प्रोफेसरांनी."

वस्ताद माझ्याकडे बघत राहिले. "त्येला मराटी येत न्हाय, मास्तर."

प्रोफेसरांच्या मसुद्यात त्या वाक्यात 'अगदी जपून' असे दोन शब्द होते. ते वाक्याची ऐट घालवतात म्हणून मी खोडले होते. हे मी त्या दिवशी त्यांना सांगितले नाही, नंतरही नाही. आज तुम्हाला सांगतो आहे, आणि तेही ते नाहीत म्हणून.

त्यांनी शिवी दिली नाही, हात उचलला नाही. स्टूल ओढून बसले. "आता मी सांगतो ते लिवा. त्यात तुमचं कायबी घालू नगा."

ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. 'व्यायामाने दम वाढतो, झोप लागते, मन ताजे राहते. बाकी अंग जन्मतः असते तेवढेच राहते, आणि तेवढे पुरते. ओढू नये. बांधू नये. वजन लावू नये. दुखले तर डॉक्टरकडे जावे. लाजू नये.' मालकांनी नाक मुरडले, पण त्याचे हँडबिल छापून दिले. मंगळवारच्या बाजारात वस्ताद ते स्वतः वाटत उभे राहिले. लोकांनी वाचले, हसले आणि त्यात शेंगा बांधून घेतल्या. वकीलसाहेबांनी मात्र दोन प्रती मागवून घेतल्या. दुसरी मित्रासाठी असावी.

पुढे एका सकाळी प्रोफेसरांच्या खोलीला कुलूप दिसले. शहराने त्यांना फार दोष दिला नाही. ज्यांना गुण आला नाही त्यांतल्या बहुतेकांची खात्री होती, की आपणच एकविसावा दिवस चुकवला. मल्लेशमचे लग्न दिवाळीनंतर त्याच मुलीशी झाले. पुढे त्याला दोन मुली झाल्या. माझेही लग्न झाले. त्याबद्दल बायकोची काही तक्रार असल्यास ती माझ्या वेळेवर घरी न येण्याबद्दल आहे.

वस्ताद आणखी चार वर्षे सोलापुरात होते. मग गुडघे गेले आणि तालीम बंद पडली. मैंदर्गीला परतल्यावर वर्षभरातच ते वारले, असे मला मल्लेशमकडून कळले. तो मातीला जाऊन आला होता. मी गेलो नाही.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते मोटारस्टँडवर, गावी निघाले त्या दिवशी. त्यांच्याजवळ एक लोखंडी ट्रंक होती. ती उचलायला ते वाकले, पण ती उचलेना. मी पुढे होणार, तोच त्यांच्या बायकोने पदर खोचला आणि दुसरी कडी धरली. ती लहानखुरी बाई, ते धिप्पाड. ट्रंक तिच्या बाजूला कलली. ती कानडीत काहीतरी बोलली. ते एवढे हसले की त्यांना ट्रंक पुन्हा खाली ठेवावी लागली. मग दोघांनी ती उचलली आणि पावलाला पाऊल मिळवत मोटारीकडे गेले. ती काय म्हणाली, ते मला कळले नाही. मला कानडी येत नाही.