गालातली गोळी

शाळेत तिला सगळे टेकूबाई म्हणत. मागे पडणाऱ्या मुलांना टेकू द्यायचा, हेच तिचं काम. तिची खोली जिन्याखाली. पूर्वी तिथे खेळाचं सामान असायचं, त्यामुळे हवा गेलेले दोन फुटबॉल अजून कोपऱ्यात बसून शिकत होते. एका मुलाला अक्षरं पानावर नाचताना दिसत. त्याच्यासाठी तिने पुठ्ठ्याला खाच कापली होती, एका वेळी एकच ओळ दिसेल अशी. दुसऱ्याला पाढे फक्त चालताना येत. तो सातचा पाढा म्हणत घाण्याच्या बैलासारखा टेबलाभोवती फिरे.

बाईत गुण पुष्कळ, खोट एकच. तिला शांतता सोसत नसे. मूल जरा अडखळलं की हिच्या जिभेला खाज सुटे, आणि उत्तर हिच्याच तोंडून बाहेर पडे. घरीही तेच. नवरा शिंपी, सावकाश बोलणारा. त्याची निम्मी वाक्यं तीच संपवी.

हे खपूनही गेलं असतं, पण आठ वर्षांची एक मुलगी आली. तिच्या घरची भाषा वेगळी. तीन महिन्यांत तिने शाळेत चकार शब्द काढला नव्हता. कळायचं सगळं, विनोदाला सगळ्यांच्या आधी तीच हसायची. शुक्रवारी मोठ्या बाई तिची तोंडी परीक्षा घेणार होत्या. बोलली नाही, तर एक वर्ग खाली, थेट धाकट्या बहिणीच्या वर्गात. बहिणीने आतापासूनच शेजारची जागा राखून ठेवली होती, आणि घरभर सांगत सुटली होती.

“ती बोलेल कशाला?” वर्गशिक्षिका म्हणाली. “तिच्या वाटचं तुम्हीच बोलता. तीन महिने तिच्या नावावर तुम्हीच पास होताय.”

टेकूबाईला ते झोंबलं, कारण खरं होतं. घरी तिने सगळं नवऱ्यापुढे ओतलं. त्याने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

“हे बघ, माझ्या तोंडात टाचण्या असतात ना, तेव्हा गिऱ्हाईक मनातलं सगळं सांगून—”

“मोकळं होतं. मग काय, मी टाचण्या धरू?”

“तू गोळी धर,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने मुलीला पेपरमिंटची गोळी दाखवली आणि स्वतःच्या गालात ठेवली. “तू शब्द शोध. मी थांबते.” पहिल्या दिवशी तीन गोळ्या संपल्या, शब्द एकही नाही. गुरुवारी मुलीचे ओठ तेवढे हलले. पाढेवाल्याने मात्र फेऱ्या थांबवून विचारलं, बाईंची दाढ दुखतेय का.

शुक्रवारी मोठ्या बाईंनी टेबलावर चित्र ठेवलं. बसची रांग, आणि रांगेत एक कुत्रा. मुलगी बघत राहिली. एक मिनिट गेलं. टेकूबाईच्या पायाने जमिनीवर ठेका धरला, भुवया कपाळावर चढल्या, गोळी या गालातून त्या गालात गेली. दुसरं मिनिट गेलं. शेवटी मोठ्या बाईंनाच राहवेना. “हं, हा कुत्रा...” त्यांनी सुरुवात करून दिली.

मुलीने तळहात वर केला.

“थांबा. मी शोधते.”

मोठ्या बाईंना आजवर कुणी थांबवलं नव्हतं. त्या थांबल्या. मुलीने खिशातून एक गोळी काढून त्यांच्यापुढे सरकवली, आणि मग शब्द एकामागून एक येऊ लागले. कुत्र्याला पण बस पाहिजे. त्याचा नंबर तिसरा. छत्रीवाले काका मध्येच घुसले. कुत्रा काही बोलत नाही, पण त्याला सगळं कळतं.

गोळी गालात ठेवून मोठ्या बाईंनी कागदावर सही केली: आहे त्याच वर्गात.

घरी नवरा म्हणाला, “आज दुकानात ना...” आणि सवयीने गप्प झाला. ती शांत बसून राहिली. तो गोंधळला. पुढचं त्याला आठवेचना. स्वतःच्या वाक्यात इतक्या लांबवर तो कित्येक वर्षांत आलाच नव्हता.

“शोध,” ती म्हणाली. “मी थांबते.”