फळ्यावर न लिहिलेला शब्द

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही — पत्नीलाही नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

मोर्शीजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवत असे. एचआयव्हीचा पाठ क्रमाने चाले: दूषित रक्त, वापरलेली सुई, शरीरसंबंध, आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्याने संसर्ग होत नाही, हात हातात घेतल्यानेही नाही — हे मी मुलांकडून वदवून घेई. बचावाच्या उपायांपाशी आलो, की मात्र 'संयम' एवढेच लिहून पुढे सरके. 'निरोध' हा शब्द पुस्तकात छापलेला होता. पण समोर मुली बसलेल्या — उच्चारायचा कसा?

सुरेश माझा जुना विद्यार्थी. कपाशीत भागेना, तेव्हा तो संत्र्यांच्या ट्रकवर चालक झाला. एका दुपारी तो शाळेत आला. तपासणीत त्याला संसर्ग निघाला होता. त्याची पत्नी मंगला हिला नव्हता.

"सर, तिले लागू नये म्हनून काय करू? दवाखान्यातल्या बाईनं सांगतलं, पन मी शरमेनं मानच वर केली नाई. काईच समजलं नाई. तुमी शिकवलं का डोक्यात बसते."

मला उत्तर ठाऊक नव्हते? पुरेपूर ठाऊक होते. प्रत्येक वेळी निरोध, आणि डॉक्टर देतील ती औषधे न चुकता — मंगलाचा धोका फार कमी झाला असता. दोन वाक्ये, तीही माझ्याच विषयातली. पण समोर... माझा विद्यार्थी होता. मी म्हणालो, "संयम बाळग."

त्याने मान डोलावली. सरांनी सांगितले म्हणजे उत्तर पूर्ण — असेच त्याला वाटले असणार.

दीड वर्षाने तो अमरावतीच्या बसस्थानकावर भेटला. मंगला बाकावर बसली होती, मांडीवर दवाखान्याची फाईल. आता तिलाही संसर्ग होता.

"तुमी सांगतलं तसे चार महिने काढले, सर," तो हळूच म्हणाला. "मंग नाई जमलं. तुमी तं बराबरच सांगतलं होतं. चूक माहीच हाये."

त्याची चूक? मी तिथेच 'नाही' म्हणायला हवे होते — मंगलाच्या देखत. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "प्रकृतीला जपा."

तेवढ्यात मोर्शीची बस लागली. मी चढलो. माझी पिशवी त्यानेच वर दिली.