सतरा नंबरचा मासा

ओसानाई फुकीचं उजवं मनगट डाव्यापेक्षा चांगलंच जाड होतं, आणि ते लपवावं असं तिला कधी वाटलं नाही. उलट सार्वजनिक न्हाणीघरात शेजारच्या बाईची नजर तिकडे गेली, की ती हात पुढे करायची. "बघ, नीट बघ. एकेचाळीस वर्षांची सफरचंदं आहेत यात."

उत्तर जपानमधल्या त्सुगारूच्या बागांमध्ये जून महिन्यात झाडावरच्या कोवळ्या सफरचंदांना एकेक करून कागदी पिशवी चढवतात. पिशवी फुंकून उघडायची, फळ आत घ्यायचं, तारेला एक पीळ द्यायचा आणि पुढच्या फळाकडे वळायचं. फुकी चांगल्या दिवशी तीन हजार पिशव्या चढवायची, आणि सप्टेंबरपर्यंत त्यातली एकही गळून पडायची नाही. बागेचा मालक नव्या बायकांना आधी तिच्या झाडाखाली उभं करायचा आणि म्हणायचा, "तोंड बंद ठेवा आणि हिचं मनगट बघा."

पण खरं सांगायचं तर ते मनगट सफरचंदांच्या आधीच तयार झालं होतं. ते घडलं मेन्कोच्या पत्त्यांनी.

मेन्कोचा पत्ता जाड पुठ्ठ्याचा असतो, तळहातात मावेल एवढा. एकाने आपला पत्ता जमिनीवर ठेवायचा. दुसऱ्याने स्वतःचा पत्ता त्याच्या अगदी कडेला असा आपटायचा, की नुसत्या वाऱ्याने खालचा उलटा झाला पाहिजे. उलटला तर जिंकलं. मात्र आपटण्याआधी कोणीतरी ठरवायचं, डाव खरा की लुटुपुटूचा. लुटुपुटूच्या डावात पत्ते ज्याचे त्याला परत मिळत. खऱ्या डावात हरलेला पत्ता कायमचा जाई. एकाने "खरा!" म्हटलं, की समोरच्याने एक तर पत्ता उचलून घरी जायचं, नाहीतर खेळायचं. आणि म्हणणाऱ्याला शब्द मागे घेता येत नसे. फुकी राहायची त्या गल्लीत हे लहान पोरांनाही ठाऊक होतं.

फुकी दहा वर्षांची असताना, १९६६च्या हिवाळ्यात, गावातल्याच एका छापखान्याने राक्षसांचे चोवीस पत्ते काढले. कोपऱ्यावरच्या गोळ्या-बिस्किटांच्या दुकानात ते दोरीला टांगून विकायला ठेवत. लांब मानेची बाई होती, एका पायावर उड्या मारणारी छत्री होती, नऊ नंबरला पांढऱ्याफटक तोंडाची बर्फवाली होती. मुठी वळलेला एक राक्षसी मुळाही होता, आणि तो मुळा शाळा पाडत होता म्हणून पोरांना फार आवडायचा. छपाई अशी की लाल रंग नेहमी रेषेच्या बाहेर सांडलेला. मुली दाणे भरलेल्या कापडाच्या छोट्या पिशव्या झेलत बसायच्या, तेव्हा फुकी मुलांच्या घोळक्यात गुडघे टेकून बसायची आणि दर वेळी एकच शब्द ओरडायची. "खरा!"

"ही मुलगी नवऱ्यालाही असंच जिंकून आणणार," असं तिची आई शेजारणींना सांगायची.

दोन हिवाळ्यांत तिने तेवीस राक्षस जमवले, बहुतेक सगळे जिंकून. राहिला तो सतरा नंबर. तीन डोळ्यांचा प्रचंड मासा, दलदलीतून उभा राहून आगगाडीचं इंजिन चावणारा. तो पत्ता म्हणे फारच थोडा छापला गेला. गल्लीत कोणाकडेच नव्हता.

तेवीसच पत्ते असलेला गावात आणखी एक जण होता. नारुमी कोजिरो. फुकीपेक्षा दोन वर्षांनी मोठा, पुढे गावाच्या पोस्टात साहेब झाला आणि तिथूनच निवृत्त झाला. लहानपणी तो रोज खेळायला यायचा, पण त्याच्या तोंडून "खरा" हा शब्द कोणी ऐकला नव्हता. फुकी म्हणायची तेव्हा तो पत्ता उचलून सरळ घरी जायचा. त्याने आपले राक्षस अदलाबदल करून आणि विकत घेऊन जमवले होते. आता प्रत्येकाला प्लास्टिकचं वेगळं पाकीट होतं, पाकिटांची वही होती, आणि वही जड शब्दकोशाखाली दाबून ठेवलेली. फुकीचे पत्ते तांदळाच्या बिस्किटांच्या डब्यात असायचे. जेवणाच्या सुट्टीत बागेतल्या बायकांबरोबर ती त्यांच्याशी खेळायची. त्यामुळे त्यांच्या कडा मऊ झाल्या होत्या आणि मुळ्यावर लोणच्याचा डाग होता.

"फुकी, हा गुन्हा आहे गुन्हा," कोजिरो डाग बघून म्हणायचा.

"आणि तू त्यांना जिवंत पुरलंयस, पोस्टमास्तर, ते?"

सत्तावन्न वर्षांनी, २०२३च्या नोव्हेंबरमध्ये, कोपऱ्यावरचं ते दुकान कायमचं बंद झालं. सामान काढताना मागच्या फळीवर दोरीत बांधलेला एक न विकलेला गठ्ठा सापडला. दुकानवाल्या म्हातारीच्या मुलीने फुकीला फोन केला. फुकी स्वयंपाकाचा एप्रन न सोडताच पळाली. गठ्ठ्यात एकोणीस मुळे होते, चार छत्र्या होत्या आणि एक मासा. कोजिरो दुसऱ्या दिवशी पोचला, तेव्हा फळी पुसून झाली होती.

तो मग फुकीच्या घरी आला, तीन कप चहा प्यायला, आणि मासा बघत बसला. मागितला मात्र नाही. जाताना बूट घालता घालता फक्त म्हणाला, "प्लास्टिकात तरी ठेव गं."

"पूर्ण संच गावात एकच," फुकी सुनेला रोज एकदा तरी सांगायची. "छापखानेवाल्याकडेही नव्हता हं."

सून चिझुरू भाजी चिरता चिरता म्हणायची, "हो आई. कालही एकच होता."

चौदा जानेवारीच्या रविवारी वस्तीच्या सभागृहात जुन्या खेळण्यांचं प्रदर्शन सुरू झालं. ग्रंथालयातल्या हात्सुमीने ते मांडलं होतं. मधल्या टेबलावर लाकडी तबकात फुकीचे चोवीस राक्षस, ओळीने सहा-सहा. बाहेर कमरेएवढा बर्फ होता, म्हणून हात्सुमीने रॉकेलची शेगडी टेबलाजवळ सरकवली. आजींना थंडी वाजू नये, हा तिचा हेतू. सतरा नंबर शेगडीच्या बाजूला होता, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

अकरा वाजता वीस-पंचवीस मुलं आली. हात्सुमी म्हणाली, "फुकी आजी, एकदा खेळून दाखवता का? हळूच. ही मुलं मेन्को फक्त चित्रात बघतात."

"चित्रात कसला वारा येणार?" फुकी खाली बसली सुद्धा. "ए पोस्टमास्तर! ये इकडे. एक पत्ता बाहेर काढ, त्यालाही जरा उजेड बघू दे."

कोजिरो वही घेऊन प्रदर्शन बघायला आला होता. मुलं त्याच्याकडे बघायला लागली, तेव्हा त्याने नाइलाजाने नऊ नंबरची बर्फवाली पाकिटातून काढली. पत्ता नवाकोरा होता आणि काचेसारखा सपाट.

"आजी, तुम्ही माशाने खेळा ना!" एक मुलगी म्हणाली, आणि सगळीच "मासा, मासा" करायला लागली.

फुकीने तबकातून मासा उचलला. पुठ्ठा कोमट लागला. पत्त्यांच्या पाठीवर मूठ, कात्री, पंजा छापलेले असतात, त्यावरून पहिली पाळी ठरते. तिच्या माशामागे पंजा होता, त्याच्या बर्फवालीमागे मूठ. पंजा मुठीवर मात करतो, म्हणजे पहिला फटका फुकीचा. कोजिरोने बर्फवाली लाकडी जमिनीवर ठेवली. ती इतकी घट्ट बसली, की नखही खाली गेलं नसतं.

फुकीने डावा पाय पत्त्याच्या कडेला टेकवला, खांदा मागे नेला, मनगट वळवलं आणि लहानपणी हजार वेळा केलं होतं तसंच केलं. "खरा!" ती ओरडली आणि मासा आपटला.

सभागृह दणाणलं. बर्फवालीची एक कड उचलली, ती उभी राहिली, क्षणभर उभीच राहिली, आणि पुन्हा होती तशी खाली बसली.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. कोजिरोने वाजवल्या नाहीत. तो फुकीच्या तोंडाकडे बघत होता.

"काय म्हणालीस तू?"

काय म्हटलं ते फुकीला तेव्हा कळलं. तिने खाली पाहिलं. मासा पडला होता तिथे त्याचे चारही कोपरे वर वळले होते, शेगडीवर भाजलेल्या सुक्या माकुलासारखे. सकाळभराच्या उबेने पुठ्ठा आखडला होता. अशा पत्त्याखाली वारा शिरायला फार लागत नाही. आणि फटका मारल्यावर पडलेल्या पत्त्याला हात लावायचा नसतो, हाही गल्लीचाच नियम.

"खरा म्हणजे काय?" मुलं हात्सुमीला विचारत होती. जमलेल्यांतल्या एका आजींनी सांगितलं, "म्हणजे पोस्टाचे आजोबा जिंकले तर मासा त्यांचा. कायमचा."

हात्सुमीचा चेहरा उतरला. "छे छे, हे नुसतं दाखवायला आहे. हो ना, फुकी आजी? लुटुपुटूचा डाव!"

"आई, तुमच्या तोंडून सवयीने गेलं," चिझुरू मागून म्हणाली. ती डब्यात इका मेंचीचे, म्हणजे माकुलाचे, वडे घेऊन आली होती. "सगळ्यांना कळतंय ते."

"सवयीने गेलं खरं," फुकी म्हणाली. "पण गेलं ना? शब्द माझाच आहे." मग ती कोजिरोकडे वळली. "तुला घरी जायचं तर जा बाबा. पत्ता उचल आणि जा. नेहमीसारखा."

कोजिरोने बर्फवाली उचलली. सगळ्यांना वाटलं, आता तो ती पाकिटात घालणार. तो तसाच उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. मग तो गुडघ्यांवर हात देत, कण्हत, जमिनीवर बसला.

"हळू मारलंस तर बघ," फुकी म्हणाली. "दया केलीस तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही."

"दया?" कोजिरो म्हणाला. "सत्तावन्न वर्षं हा मासा माझ्या स्वप्नात येतोय, बाई."

त्याने हात वर नेला.

"थांब!" फुकी ओरडली. "कोटाची बटणं लाव! कोटाच्या पदराचा वारा घेतोस होय, लबाडा?"

मुलं हसून लोळायला लागली. कोजिरोने बटणं लावली, वरपासून खालपर्यंत पाच. मग त्याने बर्फवाली आपटली. पोस्टात चाळीस वर्षं शिक्के मारलेला हात होता तो. फटका नेमका माशाच्या उचललेल्या कोपऱ्याशी बसला, आणि मासा हवेत उडून पाठीवर पडला. वर पंजा दिसत होता.

कोणी टाळी वाजवली नाही. फुकी पुढे वाकली, पत्ता नीट बघितला. खात्रीने उलटला होता. तिने तो दोन्ही हातांनी उचलला, पाठ सरळ केली आणि कोजिरोपुढे धरला.

"छान मारलास," ती म्हणाली. "कोपरा कुठला धरायचा ते तुला कळतं, मला माहीत नव्हतं."

"तुझ्याकडेच बघून शिकलो," कोजिरो म्हणाला. "रोज बघायचो ना." त्यानेही दोन्ही हातांनी घेतला, आणि सवयीने त्याचा दुसरा हात प्लास्टिकच्या पाकिटाकडे गेला.

"ए! जिंकलेला पत्ता आहे तो, मेलेला नाही. पाकिटात घातलास तर मी परत कसा जिंकू?"

कोजिरोने पाकीट खिशात ठेवलं. थोडा विचार करून त्याने मासा तबकातल्या त्याच्या जागी परत मांडला, शेगडी मात्र पायाने दूर ढकलली. "प्रदर्शन संपेपर्यंत इथेच राहू दे. मुलांना चोवीस दिसायला हवेत. पण नाव?"

हात्सुमीने घाबरत चिठ्ठी आणि पेन पुढे केलं. "फुकी आजी, काय लिहू?"

"दे इकडे, मी लिहिते." फुकीने चष्मा लावला आणि ठळक अक्षरांत लिहिलं. 'क्रमांक १७. मालक नारुमी कोजिरो. चौदा जानेवारी रोजी याच जमिनीवर, खऱ्या डावात, ओसानाई फुकीकडून जिंकलेला.' खाली जागा उरली होती. तिथे तिने घातलं, 'बाकीचे तेवीस ओसानाई फुकीचे. त्यातले एकवीस खऱ्या डावात जिंकलेले.'

त्या रात्री चिझुरूने केनोजिरूच्या रश्शासाठी गाजर-मुळे बारीक चिरता चिरता सासूकडे दोन-तीनदा चोरून पाहिलं. फुकी मांडीवर हात ठेवून मनगट चोळत होती.

"दुखतंय का, आई?"

"दुखेल नाही तर काय. पण पाहिलंस ना, त्याचा तो सपाट पत्ता उभा केला मी! अडुसष्टाव्या वर्षी! बस, बोटभर वारा कमी पडला."

"आणि मासा?"

फुकीने बाही मनगटावर ओढली. "मासा गेला," ती म्हणाली. "पण कुठे गेलाय ते तरी आता माहीत आहे."

ती चिठ्ठी सभागृहात दीड महिना राहिली. मुलं ती मोठ्याने वाचायची, आणि शाळेच्या मागच्या अंगणात पुठ्ठ्याचे तुकडे आपटताना "खरा!" ओरडायची. शिक्षकांची तक्रार आली, तेव्हा फुकीने ती हात्सुमीकडून दोनदा वाचून घेतली.

त्या वर्षी फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा होता. शेवटच्या दिवशी प्रदर्शन आवरलं. फुकी तेवीस राक्षसांचा डबा घेऊन घरी आली आणि दाराशी बूट काढत होती, तेवढ्यात मागून कोजिरो आला. त्याच्या हातात वही नव्हती. नुसता मासा होता, उघडा, आणि त्याचे कोपरे त्याने रोज सभागृह बंद झाल्यावर शब्दकोशाखाली ठेवून पुन्हा खाली बसवले होते.

"चहा ठेवू?" चिझुरूने विचारलं.

"नंतर," कोजिरो म्हणाला.

तो दाराच्या आतल्या लाकडी पायरीवर गुडघे टेकून बसला. कोटाची पाचही बटणं न सांगता लावली. मासा फुकीच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला, कडा बोटांनी दाबल्या, आणि घसा खाकरला. सत्तर वर्षांचा माणूस, पण त्याचा आवाज बारा वर्षांच्या पोरासारखा फाटला.

"खरा," तो म्हणाला.

फुकीने डबा उघडला, लोणच्याचा डाग असलेला मुळा निवडला आणि उजवी बाही कोपरापर्यंत सारली.