उंबरठ्यावरचं पाणी

लग्नाला अठरा वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही. उठायचं, तांब्याभर पाण्यानं उंबरठा धुवायचा, हळदीकुंकू वाहायचं. सासूबाईंनी पहिल्याच सकाळी सांगितलं होतं, "उंबरठा कोरडा राहिला की घराची बरकत जाती."

गेल्या पावसाळ्यानंतर दार लागेना. सुतार आला. चौकटीच्या पायात त्यानं पटाशी खुपसली, तर लाकूड भिजल्या भाकरीसारखं हातात आलं.

"पाण्यानं कुजलंय. रोज कोण ओतायलंय?"

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. सांगणाऱ्या त्या, अन् नासाडी माझ्या नावावर! आपलेच दात, आपलेच ओठ, बोलायचं कुणाला?

नेमकी त्याच दिवशी बारा वाजता गंगाखेडला माझी मुलाखत होती. एका शाळेत बालवाडीच्या बाईची जागा निघाली होती. माझं डी.एड. लग्नापासून पेटीत पडून होतं. दहाच्या एसटीसाठी इस्त्रीची साडी नेसून मी दाराशी आले, तोवर सुतारानं उंबरठा उपटला होता. तासाभरात नवा बसवतो म्हणाला होता. पण बाजूचे दोन्ही खांब खालून सडलेले निघाले, म्हणून तो आणखी लाकूड आणायला गेला.

सासूबाई बाहेर ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या.

"नवा बसून पूजा झाल्याबिगर सुनेनं भाईर पाय टाकायचा नसतो. लक्ष्मी जाती."

"आत्याबाई, गाडी जाईल माझी."

"दुसरी येईल की."

"मुलाखत दुसरी येणार न्हाई."

त्या खडे वेचत राहिल्या. स्वतः त्यांनी सकाळपासून चारदा आत-बाहेर केलं होतं. सासूला चालतं म्हणे.

दाराच्या जागी नुसतं भगदाड होतं. कडी नव्हती, कुणी हात धरला नव्हता, तरी माझा पाय उचलेना. त्यांच्यापेक्षा मला माझाच लय राग आला. फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला, तो मी आतूनच ऐकला.

संध्याकाळी नवा उंबरठा बसला. पूजा मीच केली, त्याच साडीत. सुतार जाताना म्हणाला, "वहिनी, आता ओल्या फडक्यानं पुसत जा. पाणी ओतू नका, जन्मभर टिकेल." सासूबाईंनाही ते पटलं.

मी मात्र त्या उठायच्या आधी तांब्या भरते. आधी एक ओतायचे, आता दोन ओतते. कुजू दे. पुढच्या वेळी सुतार उंबरठा उपटायला बसेल, तेव्हा मी आधीच बाहेर येऊन उभी असेन.