मोज्यातला उमेदवार

बार्शीच्या एसटी स्टँडवर मला सोडायला निम्मं गाव आलं होतं, पण रडत कुणीच नव्हतं. बायको, म्हणजे सुशीला, वर्षभर आधीच नर्स म्हणून अमेरिकेला गेलेली, आणि मी सातवी पास गडी तिच्या मागं निघालेलो. "नवरी निघाली सासरला!" असं ओरडून चुलतभाऊ शिवानं माझ्या हातात नारळ ठेवला. राग आला, पण नारळाला नाही म्हणता येत नाही. कपाळाला लावून पिशवीत टाकला.

बापू, माझे वडील, गावचे पंच. गाडी हलताना ते खिडकीपाशी आले. "कुणाच्या बी दारात गेलास तर पायताण भाईर काढ. आन् आपल्या हातानं आपल्या गळ्यात हार घालू नको." एवढंच बोलले. त्या दोन गोष्टी मी अजून सोडल्या नाहीत, आणि त्यांनीच इथल्या निवडणुकीत माझी फजिती केली. ऐका.

इकडं अमेरिकेत शॉमबर्ग गावात स्कूल बसच्या गॅरेजात इंजिनं उघडण्यात माझा जन्म गेला. रिटायर झालो तसा पार्कात चालायला लागलो. रस्ता गुळगुळीत, तळं झकास, पण टेकायला एक बाकडं नाही. नातवंडं सांभाळायला आणलेली आपली म्हातारी माणसं तिथं फिरतात. त्यांना ड्राइव्ह करता येत नाही, जाणार कुठं? जळगावचे काका गुडघा धरून झाडाला टेकायचे. आमच्या गावात वडाला पार होता. भांडून आलेला माणूससुद्धा तिथं टेकायचा. पार्क बोर्डाला बाकडी मागितली, तर बजेट नाही म्हणाले. मग बोर्डाची एक जागा रिकामी झाली तेव्हा मीच उभा राहिलो.

"बाबा, यू कान्ट बी सीरियस," मुलगी रूपाली म्हणाली. मला कुणी नको म्हटलं की जोर येतो.

समोर हॅरल्ड. शाळेत फुटबॉल शिकवून रिटायर झालेला, माझ्यापेक्षा थोरला. त्याचं म्हणणं, पार्क चालायला असतं, बसायला घरी सोफा आहे.

प्रचार भर थंडीत. मी दारोदार गेलो आणि प्रत्येक पायरीवर बूट काढले. बर्फात. "सर, प्लीज, यू डोन्ट हॅव टू!" लोक कळवळायचे. एका आजीबाईनं तर दंडाला धरून आत ओढलं आणि आपल्या गेलेल्या नवऱ्याचे लोकरी मोजे घालायला दिले. चार दिवसांत अख्ख्या वस्तीत मी "तो मोज्यातला माणूस" झालो. हॅरल्ड ज्या दारात जाई तिथं आधी माझ्या पायांची चौकशी.

निकाल लागला. दोघांना सारखी मतं!

"एक मत, बाबा! जस्ट वन मोर!" रूपाली जेवताना हळहळली. मी भाकरी मोडत म्हणालो, "माझं मी हॅरल्डला दिलं."

सुशीलाचा डाव आमटीतच राहिला. "अहो, त्याला दिलंत?"

"आपल्या हातानं आपल्या गळ्यात हार..."

"हार कसला! गळाच कापलात की स्वतःचा!"

रूपाली टेबलावर डोकं ठेवून हसत सुटली. हसू दे. उद्या पुन्हा उभा राहिलो तरी तेच करीन.

मतं सारखी पडली की आपल्याकडं चिठ्ठी काढतात. इथं निवडणुकीच्या ऑफिसात नाणं उडवलं. छापा की काटा, आधी कोण सांगणार? मी म्हटलं, हॅरल्ड थोरला, त्याचा मान. मागून सुशीला मराठीत कडाडली, "आता तरी गप बसा!" हॅरल्ड काटा म्हणाला. नाणं टेबलाखाली गेलं, सगळे वाकले. छापा!

जळगावच्या काकांनी डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातनं हार आणून ठेवलाच होता. तो त्यांनी गळ्यात घातला तेव्हा मला बापू दिसले. बापू, दुसऱ्याच्या हातानं बरं का. रूपालीला राहवेना, तिनं हॅरल्डला माझ्या मताची गोष्ट सांगून टाकली. तो खोकला लागेपर्यंत हसला. "मी तुझ्या जागी असतो तर या हॅरल्डला मत कधीच दिलं नसतं!"

बोर्डात वर्षभर डोकं खाल्लं, तेव्हा बाकडी बसली. तोवर हॅरल्डच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. पहिल्या बाकड्यावर पहिला कोण बसला, सांगायला नको.

शिवा अजून फोनवर विचारतो, "काय नवरी, माहेरी कधी?" येतो रे, दर दोनतीन वर्षांनी येतोच. पण पंधरा दिवसांत इकडची ओढ लागते, हे त्याला कसं सांगू? सकाळी लांबून माझी काठी दिसली की हॅरल्ड बाकड्यावर कडेला सरकतो, मोकळ्या जागेवर थाप मारतो आणि मी शिकवलेला एकुलता एक मराठी शब्द मोठ्यानं म्हणतो, "बसा!"

शिवा, सासरी असं कुणी सरकून जागा दिली की समजायचं, नवरी नांदली.