दुभंगलेल्या शेपटीचं पिल्लू

संशोधनाला नाव नोंदवलं तेव्हा मी समुद्र पाहिलाही नव्हता. बनारसला बालाजी घाटाजवळ आमचं घर; वडील पाठशाळेत व्याकरण शिकवायचे. घरात मासा कधी आला नाही. त्यामुळे समुद्रातल्या माशांची पिल्लं ओळखायचं काम मिळालंय, हे मी आईला बरेच दिवस सांगितलंच नाही.

किनाऱ्यावरून रेल्वेने फॉर्मलीनच्या बाटल्या यायच्या. एका बाटलीत पानासारखी चपटी, आरपार दिसणारी पिल्लं होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘वाम’. वामीची, म्हणजे त्या सापासारख्या लांब माशाची, पिल्लं अशीच असतात, म्हणून मी बिनघोर चित्रं काढत गेले. नवव्या पिल्लाची शेपटी मात्र दुभंगलेली निघाली. वामीची टोकाला निमुळती असते.

माझ्या मार्गदर्शक सरांना दाखवलं. ते म्हणाले, “टूट गई होगी, रेल में.”

मी पिल्लाच्या अंगावरच्या स्नायूंच्या घड्या मोजायला बसले. वामीच्या पिल्लाला शंभराच्या वर असतात. याला सदुसष्ट भरल्या. त्याच बाटलीत आणखी दोन तशीच सापडली. पुस्तकात शोधलं, तर अशी पिल्लं एका वेगळ्याच माशाची निघाली.

जेवताना माझं ताटाकडे लक्ष नव्हतं. वडिलांनी कारण विचारलं आणि मी सगळंच सांगून टाकलं. आईचा वाढता हात थांबला. वडिलांनी विचारलं, “मोठा झाल्यावर हा वामीसारखा दिसतो?”

“छे! चंदेरी खवल्यांचा, भरदार मासा होतो.”

“आणि लहानपणी दोघं सारखे? मग नातं असणार. नीट मोजलंस ना?”

रविवारी ते प्रयोगशाळेत आले. दाराशी चपला काढल्या, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बोटांवर मोजू लागले. “सहासष्ट.”

“परत मोजा, बाबा.”

बऱ्याच वेळाने म्हणाले, “सदुसष्ट. शेपटीजवळची सुटली होती.”

सोमवारी मी तिन्ही पिल्लं सरांपुढे ठेवली. त्यांनी स्वतः मोजलं, जुनी चिठ्ठी काढली आणि नवी मला लिहायला दिली. वाम आणि हा मासा एकाच पूर्वजाचे वंशज असावेत, असं तेव्हा कुठे मानलं जाऊ लागलं होतं. “इस पर काम करो,” सर म्हणाले, “और समंदर देख आओ.”

आईने दशम्या बांधून दिल्या. “मासे बघायचे तेवढे बघ,” ती म्हणाली, “खाऊ नकोस.”

आठवड्याभरात मी किनाऱ्यावर होते. कोळ्यांनी जाळं बादलीत उलटं केलं. मला आधी नुसतं पाणी दिसलं. मग त्यात दोन काळे डोळे हलले.